फॅलेनॉप्सिसची पाने सुरकुतली आहेत, डेंड्रोबियम फुलत नाही, आणि सीतेची वेणी कोठे बांधावी?

पूर्वेची गॅलरी, ठाणे (जून)

नमस्कार. माझ्याकडे ऑर्किडची तीन रोपे आहेत आणि तिन्हींचे प्रश्न निराळे आहेत. तरी एकाच ठिकाणी विचारते आहे, कारण चूक बहुधा माझ्याच सवयीत कोठेतरी असावी, असे मला वाटू लागले आहे.

पहिले रोप जांभळ्या फुलांच्या फॅलेनॉप्सिसचे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत ते भेट मिळाले, तेव्हा त्याच्या दांड्यावर नऊ फुले होती आणि त्यातले शेवटचे फूल जानेवारीच्या अखेरीस गळले. त्यानंतर मी दांडा बुडापासून कापला आणि घराजवळच्या एका रोपवाटिकेतून कुंडी बदलून आणली. त्यांनी कोकोपीट, शेणखत आणि थोडी लाल माती असे मिश्रण भरून दिले. पहिले काही महिने बरे गेले. मग जी पाने जाड आणि ताठ होती ती हळूहळू मऊ पडली आणि आता त्यांवर उभ्या सुरकुत्या आल्या आहेत. पाणी कमी पडत असेल, असे समजून मी रोज सकाळी पाणी घालू लागले, तरी पाने अधिकच लोंबत चालली आहेत.

दुसरे डेंड्रोबियम. दिवाणखान्यात खिडकीपाशी, पातळ पडद्याआड ठेवले आहे. त्याची तब्येत उत्तम दिसते, पाने गर्द हिरवी आहेत, दर वर्षी एखाददुसरा नवा दांडा येतो. परंतु दोन वर्षांत एकही फूल आलेले नाही.

तिसरे रोप याच महिन्यात आले. राजापूरजवळच्या माझ्या माहेरी वळवाच्या वादळात परड्यातला जुना आंबा उन्मळून पडला. त्याच्या एका फांदीवर सीतेची वेणी होती. माझ्या लहानपणापासून ती त्याच फांदीवर फुलत असे. आंबा तोडून लाकडे रचायला सुरुवात झाली तेव्हा मामांनी ती फांदी सुमारे हातभर लांबीची कापून, ओल्या गोणपाटात गुंडाळून एसटीने पाठवली. रोपाला अजून वाळलेल्या फुलांची एक वेणी लोंबते आहे. माझी गॅलरी पूर्वेकडे आहे, सातव्या मजल्यावर. ऊन साधारण सात ते दहा या वेळेत येते आणि वारा भरपूर असतो. रोप फांदीवरून सोडवून कुंडीत लावावे की कसे? शिवाय माझे सासरे म्हणतात की हे बांडगूळ आहे आणि ते गॅलरीतल्या लिंबाला आणि जास्वंदीला लागेल. त्यांची समजूत घालण्यापूर्वी मला स्वतःला खात्री करून घ्यायची आहे.

माहेरच्या झाडाची एवढी एकच खूण आता उरली आहे, त्यामुळे या रोपाच्या बाबतीत मला चूक करायची नाही. कृपया सविस्तर सांगावे.

सिंहगडपायथा, पुणे

ताई, तुमच्या फॅलेनॉप्सिसचे वर्णन वाचून माझे पहिले रोप डोळ्यांसमोर आले, कारण तेही मी असेच, भरपूर पाणी घालून, गमावले. म्हणून आधी त्याच रोपाविषयी लिहितो. बाकीच्या दोघांबद्दल येथे अधिक जाणकार मंडळी आहेत.

आज शक्य झाले तर आजच रोप कुंडीतून बाहेर काढा. मुळांना चिकटलेले कोकोपीट नळाच्या मंद धारेखाली धुऊन काढा आणि मग एकेक मूळ अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच दाबून पाहा. जिवंत मूळ टणक लागते. मेलेले मूळ दाबताच चपटे होते, त्यातून तपकिरी पाणी येते आणि थोडे ओढले तर वरची साल बोटांत निघून येऊन आत फक्त दोऱ्यासारखी एक तार उरते. रंगावरून निर्णय घेऊ नका. माध्यमाच्या, म्हणजे कुंडीत भरलेल्या मिश्रणाच्या, आत वाढलेली मुळे उजेडाअभावी पिवळसर किंवा तपकिरी असतात आणि तरीही ती पूर्ण निरोगी असू शकतात. दाबून पाहणे हीच खरी परीक्षा.

माझा अंदाज असा आहे की तुम्हाला दोन-चार मुळेच जिवंत सापडतील. त्याचे कारण समजून घेतले तर पुढची सगळी काळजी आपोआप समजते. फॅलेनॉप्सिस हे मुळात दक्षिण आणि आग्नेय आशियातल्या पावसाळी जंगलांत झाडांच्या सालींवर वाढणारे रोप आहे. त्याच्या मुळांवर वेलामेन नावाचे स्पंजासारखे पांढरट आवरण असते, जे पावसाचे पाणी काही क्षणांत शोषून घेते आणि नंतर वाऱ्याने पुन्हा कोरडे होते. म्हणजे ही मुळे भिजण्यासाठी जितकी घडलेली आहेत तितकीच सुकण्यासाठीही. कोकोपीट, माती आणि शेणखत यांचे मिश्रण सतत ओले राहते, त्यातल्या पोकळ्या पाण्याने भरतात, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. कुजलेले मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून पाने सुरकुततात. आपण ती तहान समजून आणखी पाणी घालतो आणि उरलेली मुळेही जातात. तुमचे रोप पाण्यात उभे राहून तहानलेले आहे.

मेलेली मुळे कात्रीने कापून टाका. कात्री आधी गॅसच्या ज्योतीवर धरून निर्जंतुक करा. कापलेल्या टोकांवर स्वयंपाकघरातली दालचिनीची पूड बोटाने लावता येते, पण ती फक्त जखमेवर. निरोगी मुळांवर पडली तर ती त्यांना कोरडी करते. रोप एक दिवस सावलीत उघडे ठेवा आणि मग मुळांच्या मानाने लहान, शक्यतो पारदर्शक प्लॅस्टिकच्या, भरपूर भोके असलेल्या कुंडीत लावा. मोठी कुंडी दिली म्हणजे रोप मोठे होते, हा नियम ऑर्किडला लागू नाही. माध्यम म्हणून लाकडी कोळशाचे साधारण बोराएवढे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे तेवढेच तुकडे निम्मे निम्मे घ्या. सोडणाचे तुकडे चार-पाच दिवस पाण्यात भिजत ठेवून रोज पाणी बदला. पहिल्या दिवशी पाणी कोऱ्या चहासारखे होते; ते जवळजवळ स्वच्छ निघू लागले की तुकडे वापरायला योग्य झाले.

पाणी केव्हा द्यायचे हे दिनदर्शिकेवरून ठरवू नका, मुळांना विचारा. पारदर्शक कुंडीतून दिसणारी मुळे ओली असताना हिरवी दिसतात आणि कोरडी झाली की रुपेरी-राखाडी होतात. रुपेरी झाली की सकाळी पाणी द्यायचे, ते असे की कुंडीतून पूर्ण वाहून जाईल, आणि पानांच्या मधल्या खोबणीत एक थेंबही साचू द्यायचा नाही. तेथे रात्रभर पाणी राहिले तर रोपाचा शेंडाच कुजतो आणि मग त्याला वरून नवे पान येत नाही. चुकून पाणी पडले तर कागदी रुमालाचे टोक बुडवून टिपून घ्या.

जुन्या पानांच्या सुरकुत्या पूर्णपणे जाणार नाहीत, त्यामुळे त्यांच्याकडे पाहून निराश होऊ नका. नवे मूळ येते का आणि नवे पान ताठ निघते का, तेवढेच पाहा. त्याला चार महिने लागतील, कदाचित आठ लागतील.

फुलांविषयी एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. फॅलेनॉप्सिसला फुलदांडा काढण्यासाठी काही आठवडे साधारण २६ अंशांखालचे तापमान लागते. त्याहून बरेच वर राहिले तर ते पाने काढत राहते आणि फुलत नाही. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत हे सहज साधते. ठाण्यात दिवसा ते अवघड आहे. म्हणून दिवाळीनंतर रोप घरातल्या सर्वांत थंड पण उजेडाच्या खिडकीत ठेवा, रात्री खिडकी उघडी ठेवा आणि फेब्रुवारीपर्यंत ते तेथून हलवू नका. आणि पुढच्या वेळी फुले संपल्यावर दांडा बुडापासून कापण्याची घाई करू नका. रोप सशक्त असेल तर खालून दुसऱ्या किंवा तिसऱ्या पेराच्या थोडे वर कापावे, म्हणजे त्या पेरातून पुष्कळदा नवी फांदी फुटून पुन्हा फुले येतात.

फणसाखाली, कुडाळ

ताई, सीतेची वेणी फांदीवरून सोडवू नका. ही गोष्ट सगळ्यांत आधी.

मामांनी फार शहाणपणाने काम केले आहे. या रोपाची मुळे सालीच्या फटींत इतकी घट्ट बसलेली असतात की ती सोडवताना निम्मी तुटतातच, आणि तुटलेल्या मुळांचे रोप सावरायला दोन पावसाळे घेते. ती हातभर फांदी तशीच राहू द्या. तिच्या दोन्ही टोकांना तांब्याची नसलेली, प्लॅस्टिकचे आवरण असलेली तार बांधून (तांबे ऑर्किडच्या मुळांना घातक ठरते) ती गॅलरीच्या ग्रीलला अशी टांगा की रोपाचा चेहरा पूर्वी ज्या बाजूला होता त्याच बाजूला, म्हणजे थोडा खाली झुकलेला राहील. आमच्याकडे आंब्याफणसावर हे रोप कधीही सरळ वर तोंड करून वाढलेले दिसत नाही; पाने कमानीसारखी खाली झुकतात, त्यामुळे पावसाचे पाणी पानांच्या बेचक्यात साचत नाही. काही वर्षांनी आंब्याचे लाकूड कुजू लागेल, तेव्हा नवी फांदी, शक्यतो खरबरीत सालीची, जुन्या फांदीला काथ्याने बांधून ठेवा. मुळे स्वतःच तिच्यावर चढतील आणि तुम्हाला ती ओढून काढावी लागणार नाहीत.

तुमच्या गॅलरीतले सकाळचे तीन तास ऊन तिला मानवेल. सातव्या मजल्यावरचा वारा हा खरा प्रश्न आहे, कारण रानात आंब्याची साल ओल धरून ठेवते आणि सभोवती पाने असतात. येथे मुळे एका तासात कोरडी होतील. सध्या पाऊस आहे तोवर काहीच करू नका, पाऊस अंगावर येईल अशा ठिकाणी टांगा. ऑक्टोबरपासून रोज सकाळी फवाऱ्याने मुळे हिरवी होईपर्यंत भिजवा, थंडीत एक दिवसाआड केले तरी चालेल, आणि मार्चपासून सकाळी भिजवून ऊन फार कडक असेल तर संध्याकाळी लवकर पुन्हा एकदा. थंडीत तिला कोरडी ठेवण्याची गरज नाही, मात्र खत त्या काळात बंद ठेवा.

पुढच्या मे-जूनमध्ये फूल आले नाही तर वाईट वाटून घेऊ नका. जागा बदललेले रोप एखादे वर्ष रुसते. मुळांची टोके हिरवीगार किंवा जांभळट दिसत असतील तर ते वाढते आहे, एवढे पुरे.

आता तुमच्या सासऱ्यांच्या शंकेविषयी. त्यांची शंका रास्त आहे, कारण आंब्यावर दोन्ही वनस्पती शेजारी शेजारी दिसतात आणि कित्येक बागायतदार साफसफाई करताना बांडगुळासोबत आमरीही, म्हणजे ऑर्किडही, कोयत्याने खरवडून टाकतात. पण दोघींचे जगणे अगदी वेगळे आहे. बांडगूळ आपले शोषक मूळ फांदीच्या लाकडात घुसवते आणि झाडाचे पाणी व क्षार ओढून घेते, म्हणून त्याच्या पुढची फांदी खंगत जाते. त्याचे फळ चिकट असते. फुलटोच्या ते खातो आणि बी फांदीवर पुसून टाकतो, तेथेच ते रुजते. ऑर्किडची मुळे सालीच्या वरच राहतात, आत शिरत नाहीत. त्यांना झाडाकडून केवळ बसायला जागा हवी असते. पाणी पावसाचे आणि अन्न पानांचे स्वतःचे. माहेरी गेलात तर पडलेल्या आंब्याच्या एखाद्या तुकड्यावरचे मूळ सासऱ्यांना उचलून दाखवा. साल जशीच्या तशी असते, लाकडाला ओरखडाही नसतो. बांडगूळ जेथे चिकटते तेथे फांदीला गाठ आलेली असते.

आणि ते लिंबाला लागणेही शक्य नाही. ऑर्किडच्या एका बोंडात धुळीसारखी बारीक लाखो बिये असतात, पण त्या बियांत अन्नाचा साठाच नसतो. विशिष्ट बुरशी बीमध्ये शिरून त्याला पोसू लागली तरच ते रुजते. अशी बुरशीची साथ नसताना साखर घातलेल्या अगरवर, म्हणजे शैवालापासून केलेल्या जेलीवर, ही बिये रुजवता येतात हे लुईस नुडसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२२ मध्ये दाखवून दिले. आज बाटलीत वाढवलेली ऑर्किडची रोपे आपल्याला परवडणाऱ्या किमतीत मिळतात, त्याचा पाया तेथे आहे. रानात मात्र लाखांतले एखादेच बी तगते आणि त्या रोपाला फुलायला अनेक वर्षे लागतात. हे मुद्दाम लिहितो, कारण तुमचे रोप पाहून कोणाला घाटातून असे रोप काढून आणावेसे वाटेल. तुमची फांदी पडलेल्या, घरच्या झाडाची आहे. तिला घर मिळाले हे चांगलेच झाले. उभ्या झाडावरची आमरी मात्र तेथेच पाहावी. आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने गळून गेलेल्या दांड्यांवर डेंड्रोबियम बार्बॅट्युलमची पांढरी फुले येतात, तेव्हा संपूर्ण फांदीवर कोणी चांदणे सांडल्यासारखे दिसते. ते पाहायला आम्ही चार-पाच जण दर वर्षी एकत्र जातो आणि फक्त छायाचित्रे घेऊन येतो.

ब्रह्मपुत्रेकाठी, गुवाहाटी

मी मूळची साताऱ्याची, नोकरीमुळे येथे आहे, म्हणून एक छोटीशी भर घालते. तुमची सीतेची वेणी, म्हणजे रिन्कोस्टायलिस रेटुसा, येथे 'कपौ फूल' म्हणून ओळखली जाते आणि ती आसामचे राज्यपुष्प आहे. एप्रिलमधल्या रोंगाली बिहूच्या सणात नाचणाऱ्या मुली तिचा तुरा अंबाड्यात माळतात. आपल्याकडे तिला वेणी म्हणतात आणि येथे ती खरोखर केसांत माळली जाते, हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला घरची फार आठवण आली होती. येथे ती कोकणापेक्षा थोडी आधी फुलते. माझ्या घरमालकांनी अंगणातल्या सुपारीच्या खोडांवर ती बांधली आहे, आणि त्यांचे तंत्र अगदी कुडाळच्या दादांनी लिहिले तसेच आहे: पावसाच्या तोंडाशी बांधायचे आणि मग तिच्याकडे फारसे पाहायचे नाही.

सकाळचे ऊन, डोंबिवली

डेंड्रोबियमबद्दल मी लिहितो, कारण गेली अकरा वर्षे मी मुख्यतः तेच वाढवतो आणि आपल्या किनारपट्टीच्या हवेत फॅलेनॉप्सिसपेक्षा तेच अधिक आनंद देते, असे माझे ठाम मत झाले आहे.

तुम्ही पाने 'गर्द हिरवी' आहेत असे लिहिले, त्यातच उत्तर आहे. गर्द हिरवे पान म्हणजे रोप अपुऱ्या उजेडात तग धरून आहे. पुरेसा उजेड मिळणाऱ्या डेंड्रोबियमचे पान किंचित पिवळसर, कोवळ्या केळीच्या पानाच्या रंगाकडे झुकणारे असते. पडद्याआडचा उजेड आपल्या डोळ्यांना पुरेसा वाटतो. डेंड्रोबियमला तो फुलण्यासाठी पुरत नाही. त्याला गॅलरीत आणा, पण एकदम नको. सध्या ढगाळ हवा आहे, म्हणून हीच योग्य वेळ आहे. पहिला आठवडा गॅलरीच्या आतल्या भिंतीशी ठेवा, मग दर तीन-चार दिवसांनी वीतभर पुढे सरकवा, म्हणजे पाऊस ओसरून ऊन पडू लागेपर्यंत ते ग्रीलशी पोहोचलेले असेल. थेट आणून ठेवले तर पानांवर आधी पांढरे आणि मग काळे चट्टे पडतात आणि ते कायमचे राहतात. मार्च ते मे या काळात पन्नास टक्क्यांची शेडनेट लावा.

एका सल्ल्यापासून मात्र सावध राहा. 'थंडीत डेंड्रोबियमचे पाणी तोडा म्हणजे ते फुलेल' असे पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते. ते हिमालयाकडच्या डेंड्रोबियम नोबिलीसारख्या जातींसाठी आणि वर उल्लेख झालेल्या आपल्या बार्बॅट्युलमसाठी खरे आहे, कारण त्यांच्या मूळ जागी हिवाळा कोरडा असतो. रोपवाटिकेत मिळणारे, उंच दांड्यांचे आणि शेंड्यातून फुलांचा तुरा काढणारे संकरित डेंड्रोबियम बाराही महिने वाढणाऱ्या जातींतून आलेले आहे. त्याचे पाणी तोडले तर ते फुलत नाही, फक्त खंगते. थंडीत पाणी कमी करा, बंद करू नका. तसेच पाने गळलेले जुने दांडे कापू नका. ते रोपाचे कोठार आहे, त्यात पाणी आणि अन्न साठलेले असते, आणि कधी कधी तीन वर्षांचा उघडा दांडादेखील शेंड्यातून पुन्हा तुरा काढतो.

खताचे म्हणाल तर शेतीच्या दुकानात मिळणारे १९:१९:१९ (नत्र, स्फुरद आणि पालाश सारख्या प्रमाणात असलेले खत) पुरेसे आहे. एक लिटर पाण्यात अर्धा ग्रॅम, वाढीच्या काळात आठवड्यातून एकदा, मुळे आधी साध्या पाण्याने ओली करून मग. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने माध्यम चांगले धुऊन काढा, नाहीतर क्षार साठून मुळांची टोके करपतात. कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसू लागला की ते झाले असे समजावे. फुलांसाठी म्हणून ००:५२:३४ (नत्र नसलेले, फक्त स्फुरद आणि पालाश असलेले खत) विकत घेण्याचा मोह होतो, मीही घेतले होते. उजेड कमी असेल तर कोणत्याही खताने फूल येत नाही, आणि उजेड पुरेसा असेल तर त्या वेगळ्या खताची आवश्यकता भासत नाही. तांदळाचे धुवण, डाळीचे पाणी, ताक यांपैकी काहीही कुंडीत घालू नका. आपल्या दमट हवेत दोन दिवसांत आंबट वास सुटतो, मुंग्या येतात आणि मुंग्यांपाठोपाठ पिठ्या ढेकूण.

किडींवर दर आठवड्याला नजर असू द्या. पानाच्या खालच्या बाजूला आणि दांड्याच्या आवरणाआड खवले कीड लपते. कापसाचा बोळा सर्जिकल स्पिरिटमध्ये भिजवून पुसून काढली तर सहसा औषधाची वेळ येत नाही. पावसाळ्यात रात्री दहानंतर बॅटरी घेऊन कुंड्या पाहा. सातव्या मजल्यावरही नव्या कुंडीच्या मातीतून बारीक गोगलगायी येतात आणि मुळांची कोवळी हिरवी टोके एका रात्रीत खातात. सकाळी पाहिले तर टोक कापल्यासारखे दिसते आणि गुन्हेगार सापडत नाही.

तुम्ही ठाण्यात आहात, मी डोंबिवलीत. आम्ही आजूबाजूची सहा-सात घरे दर वर्षी डिसेंबरातल्या एखाद्या रविवारी जमतो, आणि ज्याचे जे फुललेले असेल ते तो घेऊन येतो. गेल्या वर्षी एका काकूंनी ऑन्सिडियम शॅरी बेबी नावाचे ऑर्किड आणले होते. सकाळी अकराच्या सुमारास उन्हाने खोली थोडी उबदार झाली आणि चॉकलेटचा वास इतका दरवळला की लहान मुले खाऊचा डबा शोधू लागली. त्याच दिवशी आम्ही केकी, म्हणजे दांड्यावर आलेली बाळरोपे, एकमेकांना देतो. केकीची मुळे बोटभर लांब झाली की ती दांड्यापासून मुरगळून काढायची आणि कोळशाच्या लहान कुंडीत लावायची. पांढऱ्या डेंड्रोबियमची दोन बाळरोपे माझ्याकडे तयार होत आहेत. त्यातले एक तुमचे.

पूर्वेची गॅलरी, ठाणे (जानेवारी)

सर्वांना नमस्कार. सात महिन्यांनी लिहीत आहे, कारण सांगण्यासारखे काही घडेपर्यंत थांबायचे ठरवले होते.

जूनमध्ये फॅलेनॉप्सिस कुंडीतून काढले तेव्हा बावीस मुळांपैकी तीनच टणक निघाली. बाकीच्यांची साल बोटांत आली आणि तार उरली, अगदी पुण्याच्या दादांनी लिहिले होते तसे. सोडणाचे पाणी सहाव्या दिवशी स्वच्छ झाले. कोळशात लावल्यावर अडीच महिने काहीच घडले नाही. गणपतीच्या दिवसांत बुंध्याशी एक हिरवे टोक दिसले, आता पाच नवी मुळे आहेत आणि एक नवे, ताठ पान. जुनी दोन पाने पिवळी पडून गळाली.

डेंड्रोबियमला ऑक्टोबरात तुरा आला. अकरा फुले, पांढरी आणि कडेने जांभळी. हे रोप या रंगाचे आहे हे मला विसरायलाच झाले होते.

सीतेची वेणी ग्रीलवर टांगलेली आहे. पावसात तिने चार मुळे आंब्याच्या सालीवर पुढे नेली. सासरे रोज सकाळी फवारा मारतात. त्यांनी नोव्हेंबरात स्वतः राजापूरला जाऊन पडलेल्या आंब्याचे लाकूड पाहिले आणि तेव्हापासून ते काम त्यांनीच घेतले आहे. डोंबिवलीच्या दादांनी दिलेले बाळरोपही रुजले.

आता प्रश्न. फॅलेनॉप्सिसच्या दुसऱ्या पानाच्या बेचक्यातून चार दिवसांपूर्वी एक हिरवे टोक बाहेर आले आहे, सुमारे एक सेंटिमीटर. ते आडवे निघून वर वळते आहे. टोक गोल नसून थोडे चपटे आहे आणि त्यावर एक लहानशी खाच दिसते. हे मूळ आहे की फुलदांडा? आणि फुलदांडा असेल तर एवढ्या अशक्त रोपाला तो ठेवू द्यावा का?

सिंहगडपायथा, पुणे

फुलदांडा आहे, ताई. मुळाचे टोक गुळगुळीत, गोल आणि चकचकीत असते. तुम्ही वर्णन केलेली खाच म्हणजे पहिल्या पेराचे आवरण. लहान मुलाच्या, बोटे नसलेल्या हातमोज्यासारखे ते टोक दिसते, एकदा ओळखले की पुन्हा चूक होत नाही.

पाच नवी मुळे आणि एक ताठ पान असताना मी तो कापणार नाही. मात्र दांडा वाढत असताना पाने पुन्हा मऊ पडू लागली तर मोह न धरता तो कापा. रोप राहिले तर पुढच्या थंडीत फुलेल. कळ्या पाच-सहापेक्षा अधिक आल्या तर शेंड्याकडच्या खुडून टाका. फुले उमलल्यावर तीन आठवडे डोळे भरून पाहा आणि मग दांडा कापून पाण्यात ठेवा. फुले तेथेही बरेच दिवस टिकतात आणि रोपावरचा भार जातो.

दांडा वीतभर झाला की त्याच्याजवळ, मुळे चुकवून, बांबूची बारीक काडी खोचा आणि लोकरीच्या सैल गाठीने पेराच्या खाली बांधा. बांधायचे काम दुपारी करा. सकाळी दांडा पाण्याने भरलेला आणि ठिसूळ असतो, वाकवताना मोडतो. आणि आजपासून कुंडी फिरवू नका. ज्या बाजूने उजेड येतो ती बाजू कुंडीच्या काठावर पेनाने खूण करून ठेवा, म्हणजे पाणी द्यायला उचलली तरी ती परत तशीच ठेवता येईल आणि सगळ्या कळ्या एकाच दिशेला उमलतील.